कासवांसोबत काम करायचंय, तर शिकायचं काय?

शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलंय, समुद्री कासवांवरच काम करायचं हे पक्कं आहे, पण त्यासाठी सागरी जीवशास्त्राची पदवी घ्यावी, साधं प्राणिशास्त्र करावं की पशुवैद्यकाकडे जावं हे ठरत नाही, असं तू लिहिलंस. सोबत आणखी चार शंका आहेत. गणित नकोसं वाटतं, ते टाळता येईल का? पीएच.डी. लागतेच का? यात पोट भरत नाही असं घरचे म्हणतात, ते खरं का? आणि पोहता येत नाही, चालेल का? मी या कामात पंचवीसहून अधिक वर्षं आहे. सुरुवातीची बरीचशी वर्षं रात्री किनाऱ्यावर जागण्यात गेली आणि नंतरची बहुतेक संगणकासमोर, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगता येईल.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. समुद्री कासव हा प्राणी आहे, विषय नव्हे. कासवांची वेगळी पदवी नसते, आणि कुणी काढलीच तरी मी तुला ती घे असं म्हणणार नाही. जगात समुद्री कासवांच्या जाती अवघ्या सात: हिरवं कासव, लॉगरहेड, हॉक्सबिल, ऑलिव्ह रिडले, केम्प्स रिडले, फ्लॅटबॅक आणि लेदरबॅक. पण या सातांभोवती काम करणारी माणसं कुठून कुठून आलेली असतात ते बघ. रात्री एक मादी वर येते, वाळूत खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते आणि पाण्यात परत जाते. पहाटे तिचा माग मोजणारा एखादा गावातलाच तरुण असतो. त्या घरट्यात तापमापक पुरणारी मुलगी शरीरक्रियाशास्त्राची असते, कारण पिल्लं नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास निम्मे नर, निम्म्या माद्या निघतात. वाळू त्याहून तापली की माद्या वाढतात. किनाऱ्यामागच्या हॉटेलांचे पांढरे दिवे पिल्लांना उलट्या दिशेला ओढतात म्हणून तिथे लाल-पिवळसर दिवे बसवून घेणारा माणूस विजेच्या कामातला असतो. तीच मादी पुढे ट्रॉलरच्या जाळ्यात सापडू नये म्हणून झटणारा मत्स्यतंत्रज्ञ असतो, सापडलीच तर तिच्यावर उपचार करणारी पशुवैद्य असते, आणि जाळ्यांचे नियम लिहिणारा वकील असतो. या सगळ्यांना लोक 'कासववाले' म्हणतात, पण शिक्षण एकाचं दुसऱ्यासारखं नाही.

म्हणून कुठली पदवी घ्यावी यापेक्षा एक वेगळा प्रश्न तू स्वतःला विचारावास असं मला वाटतं: कासवाच्या आयुष्यातला कुठला प्रश्न तुला अस्वस्थ करतो, आणि तो सोडवताना रोज जे काम करावं लागतं ते तुला दहा वर्षं करवेल का? किनाऱ्यावरच्या रात्री सुंदर असतात, मान्य. पण कासव आयुष्यातला अगदी थोडा वेळ वाळूत असतं. नर तर पिल्लू म्हणून समुद्रात शिरला की एखाद-दुसरा अपवाद सोडता पुन्हा जमिनीवर येतच नाही. किनाऱ्यावर दिसतात त्या फक्त माद्या, त्याही हंगामापुरत्या. म्हणजे ज्या दृश्यावर भाळून बहुतेक जण या वाटेला लागतात, ते या कामाचा एक कोपरा आहे.

आता पदवीबद्दल. नावात 'सागरी' असलेली पदवी हवीच असा आग्रह धरू नकोस. पहिल्या पदवीत प्राणिशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, जनुकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सांख्यिकी यांचा पाया पक्का झाला तर पुढे समुद्राकडे कधीही वळता येतं. उलट दिशेने वळणं जरा अवघड जातं. नावात समुद्र असलेल्या काही अभ्यासक्रमांत मत्स्यसंवर्धन किंवा समुद्रविज्ञान भरपूर असतं आणि पृष्ठवंशीय प्राण्यांना एखादंच सत्र मिळतं. काहींत मात्र उत्तम क्षेत्रकाम असतं. त्यामुळे माहितीपुस्तिकेवरच्या डॉल्फिनच्या फोटोवर जाऊ नकोस, विषयपत्रिका मागवून वाच. मी तीन गोष्टी बघेन: सांख्यिकी किती सत्रं शिकवतात, क्षेत्रकाम खरोखर करायला लावतात की नुसती सहल काढतात, आणि शेवटच्या वर्षी स्वतःचा छोटा संशोधन प्रकल्प करायला मिळतो का. ही तीनही उत्तरं होकारार्थी असतील तर पदवीवर काय छापलंय याने फारसं बिघडत नाही.

गणिताचं उत्तर तुला आवडणार नाही. ते टाळता येणार नाही, आणि या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं वळण गणितानेच आणलं.

१९८० च्या दशकापर्यंत कासवं वाचवणं म्हणजे मुख्यतः अंडी राखणं, असाच समज होता. १९८७ साली डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या संशोधकांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लॉगरहेड कासवांचं आयुष्य सात टप्प्यांत मांडलं. एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात किती पोचतात याचे आकडे त्यांनी सारणीत घातले आणि हिशोब केला. निघालं असं की अंडी शंभर टक्के वाचवली तरी त्या समूहाची घसरण थांबत नाही. मोठी होत आलेली, अजून वयात न आलेली कासवं वाचवली तर मात्र चित्र पालटतं. आणि ती मरत होती कोळंबीच्या जाळ्यांत. त्या तिघांच्या कागदावरच्या सारणीने किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांना सांगितलं की तुमची मेहनत खरी आहे, पण गळती दुसरीकडे आहे. यातलं गणित पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल इतकंच आहे.

रोजचं उदाहरण घे. एका किनाऱ्यावर हंगामात ६०० घरटी मिळाली असं समज. माद्या किती? मादी एका हंगामात एकदाच अंडी घालून थांबत नाही. साधारण दोन आठवड्यांनी ती पुन्हा येते, काही जातींत दोनदा, काहींत सहा-सात वेळाही. सरासरी तीन धरलीस तर २०० माद्या, सहा धरलीस तर १००. म्हणजे एकच किनारा आणि एकच वही असून उत्तर दुपटीने बदललं. त्यात ती दरवर्षी येत नाही; मध्ये दोन-तीन वर्षं जातात, आणि हे अंतर समुद्रात खाणं कसं मिळालं त्यावर हलतं. यंदा घरटी दुप्पट झाली तर कासवं दुप्पट झाली असं नव्हे, कदाचित दोन वेगवेगळ्या वर्षी यायच्या त्या माद्या एकदम आल्या असतील. आणखी एक पेच आहे. आज वर आलेली मादी बहुतेक जातींत वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली असते. आजपासून सगळी अंडी चोरीला जाऊ लागली तरी पुढची कित्येक वर्षं किनारा भरलेलाच दिसेल आणि सगळे खूश असतील. हे ओळखायला डोळे पुरत नाहीत, सांख्यिकी लागते. आर नावाची संगणकभाषा आणि नकाशांसाठी जीआयएस एवढं पहिल्या पदवीतच हाताखालून घाल. गणिताचं भय बरेचदा गणिताचं नसून ते शिकवणाऱ्याचं असतं, हे माझं अनुभवाचं मत आहे. आकड्यांमागे कासव दिसायला लागलं की ते पुष्कळ कमी होतं.

मोजमापाची किंमत मला कशी कळली ते सांगते. माझ्या दुसऱ्या हंगामात आमच्या दोन तुकड्या आलटून पालटून गस्त घालत. कवचाची वक्र लांबी मोजताना एक तुकडी टेप मागच्या टोकापर्यंत न्यायची आणि दुसरी मागच्या खाचेपर्यंत. फरक फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा असेल. पण वाढ झालेली मादी वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, तेव्हा वाढीच्या अभ्यासात हा फरक म्हणजे सगळंच मुसळ केरात. कुठलं माप कुणी घेतलं हेही वहीत नव्हतं. हंगामभराची मापं बाजूला ठेवावी लागली. कुणी आळस केला नव्हता, जागरणंही सगळ्यांनी केली होती. काय मोजतोय ते आधी लिहून ठेवायचं असतं एवढंच आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारावं असं आम्हालाही सुचलं नाही.

पशुवैद्यकाकडे जायचं तर प्राण्यांना बरं करण्याची ओढ असेल तरच जा. कासवापर्यंत पोचायचा रस्ता म्हणून ते निवडलंस तर पस्तावशील. तो अभ्यास लांबचा आणि दमवणारा आहे, आणि त्यात वर्षानुवर्षं गाई, घोडे, कुत्री, मांजरं शिकायची असतात. केवळ समुद्री कासवांवर उपचार करणाऱ्या जागा जगभरात मोजक्या आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॅरेथॉन या गावी १९८६ पासून कासवांचं रुग्णालय चालतं, आणखीही काही केंद्रं आहेत, पण बहुतेक पशुवैद्य इतर प्राण्यांचं काम सांभाळून कासवं बघतात. काम मात्र विलक्षण असतं. बोटीच्या पंख्याने फुटलेलं कवच, घशात रुतलेला गळ, पोटातलं प्लास्टिक, विषाणूशी जोडलेल्या फायब्रोपॅपिलोमाच्या गाठींनी झाकलेले डोळे, थंड पाण्याने गारठून निपचित पडलेली पिल्लावळ, असं काहीही टेबलावर येतं. सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर सस्तन प्राण्यांच्या घड्याळावर चालत नाही. श्वास रोखून धरण्यात ते इतकं तरबेज असतं की भुलीतून बाहेर यायला ताटकळत ठेवतं. जाळ्यातून काढलेलं, मेल्यासारखं दिसणारं कासव काही तासांनी हलू लागतं. म्हणूनच अशा कासवाला लगेच समुद्रात ढकलू नये, डेकवर सावलीत, ओलसर ठेवून २४ तासांपर्यंत वाट पाहावी असं मच्छीमारांना शिकवतात. हा धीर अंगी असणाऱ्यांनी जरूर पशुवैद्य व्हावं. त्यातही मेलेल्या कासवांचं शवविच्छेदन नीट करणाऱ्यांची चणचण कायम असते. वासामुळे तिकडे गर्दी होत नाही.

तुझ्या यादीत नसलेली एक वाट मला मुद्दाम दाखवायची आहे, कारण सगळ्यात जास्त कासवं तिथे वाचतात आणि सगळ्यात कमी विद्यार्थी तिकडे जातात. ती म्हणजे मासेमारीचं तंत्र आणि त्याभोवतीचा कायदा. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात गजांची तिरकी चौकट बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव चौकटीवर आपटून वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडतं. 'टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'टेड' म्हणतात. या कल्पनेचं मूळ कुठे आहे? अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून नावाच्या कोळंबी पकडणाऱ्या मच्छीमाराकडे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, जाळ्यात भरून येणारे जेलीफिश बाहेर टाकण्यासाठी त्याने अशी चौकट बनवली होती. कासवं सुटतात हे नंतर उपयोगी पडलं. चौकट तयार झाली तरी ती मच्छीमारांनी वापरणं ही वेगळीच लढाई निघाली. १९८९ साली अमेरिकेने अशा साधनाशिवाय पकडलेल्या कोळंबीची आयात रोखणारा कायदा केला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात कासवं राखण्याचा हेतू मान्य झाला, पण देशादेशांत भेदभाव करणारी अंमलबजावणी अमान्य झाली. आता बघ, या एका चौकटीत यंत्रशास्त्र आहे, मासळीचं अर्थशास्त्र आहे, आंतरराष्ट्रीय कायदा आहे आणि पहाटे तीनला डेकवर उभ्या असलेल्या माणसाचा राग आहे. 'एवढी कोळंबी या फटीतून निसटते, तिचे पैसे कोण देणार?' या त्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारा माणूस दहा जीवशास्त्रज्ञांना भारी पडतो. यंत्रं, बोटी, अवजारं यांत तुझा हात रमत असेल तर मत्स्यविज्ञान किंवा अभियांत्रिकीचा विचार कर, आणि त्यात कमीपणा मानू नकोस.

समाजशास्त्राचंही तसंच. कोस्टारिकातल्या ओस्तियोनालला ऑलिव्ह रिडले हजारोंच्या झुंडीने एकदम विणीला येतात. अशा सामूहिक विणीला अरिबाडा म्हणतात. तिथे गावकऱ्यांना १९८७ पासून, प्रत्येक अरिबाडाच्या सुरुवातीच्या तासांत घातलेली अंडी काढून विकायची कायदेशीर मुभा आहे. ऐकून धक्का बसतो. पण मागून येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरून टाकतात, त्यामुळे त्या पहिल्या अंड्यांपैकी पुष्कळशी तशीही नासणार असतात, आणि त्या बदल्यात गाव किनारा राखतं. ही व्यवस्था योग्य की अयोग्य यावर आमच्यात अजून वाद होतात. तिथे काय चाललंय हे समजून घ्यायला मात्र माणसांशी बोलण्याचं शिस्तशीर शिक्षण लागतं. बहुतेक जीवशास्त्रज्ञांकडे ते नसतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि त्याचा फटका मी बऱ्याच गावांत खाल्ला.

जनुकशास्त्राबद्दल थोडक्यात. मादी जिथे जन्मली त्याच भागात अंडी घालायला परतते, हा लोकांचा जुना कयास होता. १९९० साली हिरव्या कासवांच्या मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या, डीएनएच्या तुलनेने त्याला भक्कम आधार मिळाला. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या हिरव्या कासवांच्या अभ्यासात उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या अल्पवयीन कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. अल्पवयीन कासव नर की मादी हे वरून दिसत नाही. त्यासाठी रक्तातली संप्रेरकं तपासावी लागली, आणि कुठलं कासव कुठल्या किनाऱ्याचं हे डीएनएने ठरवावं लागलं. प्रयोगशाळेत बसून आठ-आठ तास थेंब मोजणं तुला जमत असेल तर ही वाट उत्तम आहे, शिवाय कासवांच्या बाहेरही ती कामाला येते.

पदवीविना या कामात नाव काढलेली माणसं आहेतच, त्यांची उदाहरणं तुला कुणी ना कुणी देईल. केम्प्स रिडलेचा सगळ्यात मोठा विणीचा किनारा, मेक्सिकोतला रांचो नुएवो, १९४७ साली कॅमेऱ्यात पकडला तो आंद्रेस हेरेरा या इंजिनिअरने. एका दिवसात किनाऱ्यावर आलेल्या सुमारे ४०,००० माद्यांचं ते चित्रण होतं, आणि संशोधकांपर्यंत ते पोचायला दीड दशक लागलं. सतीश भास्कर आयआयटी मद्रासमधलं शिक्षण अर्धवट सोडून कासवांमागे लागले, भारताचे किनारे पायी पालथे घातले. १९८२ साली ते लक्षद्वीपमधल्या सुहेली वलियाकरा या निर्जन बेटावर पावसाळाभर एकटे राहिले. तिथून बाटलीत घालून सोडलेलं त्यांचं पत्र श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागलं आणि तिथून पत्नीच्या हातात पडलं. मला या माणसांबद्दल अपार आदर आहे. पण तेव्हा कुठे कासवं येतात हेच माहीत नव्हतं, त्यामुळे चालण्याची तयारी हीच मोठी पात्रता होती. आज परवानगी, निधी, नोकरी या सगळ्यांच्या दारावर आधी पदवी विचारतात. त्यांची चिकाटी घे, शिक्षण सोडण्याचा भाग घेऊ नकोस.

पदवी निवडण्यापूर्वी किंवा पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एक अख्खा हंगाम, निदान तीन-चार आठवडे, एखाद्या किनाऱ्यावर काढ. दोन रात्रींची सहल यात धरत नाही. पहिले चार दिवस सगळं जादुई वाटतं. दहाव्या दिवशी पाऊस असतो, कासव येत नाही, वाळू कानात गेलेली असते आणि झोपेचा पत्ता नसतो. तेव्हा आपल्याला काय वाटतं ते लक्षात ठेव. तिथून 'हे माझ्याच्याने होणार नाही' असं कळून परतलीस तरी ती वेळ वाया गेलेली नसते. संगणकाकडे, प्रयोगशाळेकडे, कायद्याकडे जाणाऱ्यांची या कामाला तितकीच गरज आहे.

प्रकल्प निवडताना मात्र सावध राहा. स्वयंसेवकांकडून पैसे घेणं मुळात वाईट नाही, राहण्याजेवण्याचा खर्च असतोच. पण पिल्लं हातात घेऊन फोटो काढू देतात, पाहुणे येईपर्यंत ती टबात ठेवतात, भर दुपारी सोडतात, असं दिसलं तर तिथून काही शिकायला मिळणार नाही. वाळूतून निघालेल्या पिल्लात पहिल्या दिवसभराच्या सलग पोहण्यापुरती ताकद साठवलेली असते, ती टबात खर्च होते. मी एक प्रश्न नेहमी विचारायला सांगते: तुम्ही अंडी जागेवरून हलवता का, हलवत असाल तर किती तासांत आणि का? अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर गर्भ मरू शकतो. म्हणून हलवायचीच तर पहिल्या दोन-तीन तासांत, आहे त्याच बाजूने धरून. आणि शक्य तिथे हलवायचीच नाहीत. या प्रश्नाला तिथल्या साध्या गस्तवाल्यानेही अडखळत का होईना पण कारणासकट उत्तर दिलं, तर तो गट चांगला आहे असं समज. आणि परवानगीशिवाय कासवाला हात लावायला सांगणाऱ्या कुणाकडेही थांबू नकोस. सातही जाती साइटिस या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कातडीचा नखाएवढा नमुनासुद्धा परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही.

पीएच.डी. लागतेच असं नाही. किनारा सांभाळणं, संस्थेत प्रकल्प चालवणं, सरकारी खात्यात काम, पर्यावरण परिणामांचे अहवाल लिहिणं या सगळ्याला पदव्युत्तर पदवी पुरते. स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवून संशोधन करायचं किंवा विद्यापीठात शिकवायचं असेल तर पीएच.डी. कर. ती करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघ, आणि त्याहून जास्त त्याच्याकडे असलेली जुनी नोंदवही बघ. चार-पाच वर्षांच्या पीएच.डी.त एकही पिल्लू वयात आलेलं तुला दिसणार नाही, त्यामुळे तुझं काम आधीच्या पिढ्यांनी जमवलेल्या नोंदींवर उभं राहणार. कोस्टारिकातल्या टॉर्टुगेरोला आर्ची कार या कासव-संशोधकांनी १९५० च्या दशकात माद्यांच्या पायांना टॅग लावायला सुरुवात केली आणि ते काम आजही चालू आहे. अशी सलग माहिती जिथे आहे तिथे हुशार विद्यार्थ्याला सोनं सापडतं. मार्गदर्शकाच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकट्याने गाठून विचार: प्रबंधाला किती वर्षं लागली, शोधनिबंधावर नाव कुणाचं आलं, आजारी पडल्यावर सर कसे वागले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी जास्तच वेळ घेतला तर काय ते समजून घे.

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या क्षेत्रात कामं हंगामी असतात, करार वर्ष-दोन वर्षांचे असतात, आणि निधी संपला की माणसं पांगतात. सुरुवातीची पाच-सात वर्षं अशीच जातात असं धरून चाल. माझ्याबरोबर किनाऱ्यावर असलेल्यांपैकी बरेच जण आज कासवांत नाहीत. पण ते उपाशीही नाहीत. कुणी मासेमारीच्या आकडेवारीत आहे, कुणी नकाशे करतं, कुणी शाळेत शिकवतं. ज्यांच्या हाती असं एखादं कौशल्य होतं ते हवं तेव्हा कासवांकडे परतलेही. ज्यांच्याकडे फक्त कासवांचं प्रेम होतं त्यांना मात्र जड गेलं. घरी बोलताना 'मी कासवांचं काम करणार' असं म्हणण्यापेक्षा 'मी सांख्यिकी शिकणार आणि ती कासवांवर वापरणार' असं म्हणून बघ. संभाषणाचा सूर बदलतो. आणि तो नुसता बोलण्यापुरता बदल नाही, खरंच तसं करायचं आहे.

राहिलं पोहणं. रात्रीच्या गस्तीत गुडघ्याच्या वर पाण्यात जायची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे विणीच्या किनाऱ्यावरचा पहिला हंगाम न पोहताही करता येईल. बोटीवरून जाळी तपासायची, चरणारी कासवं पकडून मोजायची, पाण्याखाली त्यांच्या मागे जायचं, यांपैकी काहीही करायचं तर पोहता येत असल्याशिवाय कुणी बोटीत घेणार नाही आणि घेऊही नये. डायव्हिंगच्या प्रमाणपत्राची इतक्यात घाई नको. प्रथमोपचार, बोट हाकणं आणि कोळ्यांशी त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलणं याचा उपयोग आधी होतो. पोहणं मात्र या सुट्टीतच शिकून टाक. मी पंचविशीत शिकले, तेही तलावात, आठ वर्षांच्या मुलांच्या तुकडीत.